परफॉर्मन्स कॅम निवडताना पिस्टन आणि व्हॉल्व्हमधली मोकळीक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला लावणारा उंचवट्यांचा फिरता दांडा, बदलायचा विचार डोक्यात आला की पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात, पॉवर किती वाढेल आणि खर्च किती येईल. तिसरा प्रश्न, म्हणजे व्हॉल्व्ह पिस्टनला लागणार तर नाही ना, हा बऱ्याच जणांना इंजिन बसल्यावर आठवतो आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय. उदाहरणाला मारुतीचं १.३ लिटरचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन धरलंय, एस्टीम आणि जिप्सी किंगमध्ये यायचं ते, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ७४ एमएम, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वरखाली धाव ७५.५ एमएम, १२९८ सीसी, कारण आपल्याकडे ऑटोक्रॉस आणि रॅलीवाल्या पोरांनी हे भरपूर उघडलंय आणि पार्ट अजून मिळतात. तुमचं इंजिन दुसरं असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

ही मोकळीक म्हणजे टॅपेट क्लिअरन्सच ना?

नाही, दोन्ही एकदम वेगळ्या गोष्टी. टॅपेट क्लिअरन्स म्हणजे रॉकर, म्हणजे कॅमच्या जोरावर व्हॉल्व्ह दाबणारा हात, आणि व्हॉल्व्हच्या दांड्यामधली फट, फिलर गेज घालून आपण मोजतो ती, ०.१५ ०.२० एमएमच्या आसपास. इथे बोलतोय ते व्हॉल्व्हचं तोंड आणि पिस्टनचा माथा यांच्यातल्या अंतराबद्दल, दोघं एकमेकांच्या सगळ्यात जवळ येतात त्या क्षणी किती जागा उरते ते. ही फट बाहेरून दिसत नाही, फिलर गेज तिथे पोचत नाही, म्हणून ती मोजायला थोडी मेहनत लागते आणि म्हणूनच लोक ती मोजत नाहीत.

जास्त लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा, कॅम घेतला की व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो, बरोबर ना?

हा सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज आहे आणि त्यापायी लोक बरोबर कॅम नाकारतात नि चुकीचा कॅम घेतात, म्हणून जरा नीट सांगतो.

इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो तेव्हा क्रँक टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन अगदी वर असतो त्या बिंदूच्या, पुढे साधारण १०५ ते ११० डिग्री गेलेला असतो. तेव्हा पिस्टन कुठे असतो? आपल्या १.३ इंजिनात कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टन आणि क्रँकला जोडणारा दांडा, १२० एमएम धरला तर ११० डिग्रीला पिस्टन जवळजवळ ५६ एमएम खाली गेलेला असतो. व्हॉल्व्ह उघडतो ९, फार तर १० एमएम. म्हणजे तिथे धडकायचा प्रश्नच येत नाही, मध्ये वीतभर नाही तरी चार बोटं जागा आहे.

खरी गडबड टीडीसीच्या आजूबाजूला होते, एक्झॉस्ट स्ट्रोक संपून इनटेक सुरू होतो त्या वेळी. तेव्हा पिस्टन एकदम वर आलेला असतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अजून पूर्ण बंद झालेला नसतो, इनटेक उघडायला लागलेला असतो. यालाच ओव्हरलॅप म्हणतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टनच्या सगळ्यात जवळ येतो टीडीसीच्या साधारण १० ते १५ डिग्री आधी, आणि इनटेक येतो टीडीसीनंतर १० ते १५ डिग्रीला. त्या वेळी व्हॉल्व्ह किती उघडलेत यावर सगळं अवलंबून आहे. ११ एमएम लिफ्टचा पण कमी ओव्हरलॅपचा कॅम सुखरूप चालतो आणि ९ एमएम लिफ्टचा पण लांब ड्युरेशनचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त डिग्री उघडा ठेवणारा, कॅम व्हॉल्व्ह वाकवतो, असं दोन्ही होतं.

मग कॅटलॉगमध्ये कोणता आकडा बघायचा?

टीडीसी लिफ्ट. म्हणजे पिस्टन टीडीसीला असताना व्हॉल्व्ह किती एमएम उघडा असतो. युरोपातल्या बऱ्याच कॅमवाल्यांच्या तक्त्यात हा आकडा छापलेला असतो, नसेल तर विचारा, आणि जो कॅमवाला हा आकडा सांगू शकत नाही त्याच्याकडून मी तरी कॅम घेणार नाही. साधारण अंदाज द्यायचा तर कंपनीच्या कॅमला एक एमएमच्या आगेमागे, रस्त्यावरच्या तेज कॅमला दीड ते दोन, रॅलीच्या कॅमला अडीच ते तीन, आणि पूर्ण रेसच्या कॅमला साडेतीनच्या वर.

टीडीसी लिफ्ट कशी वाढते? एक तर ड्युरेशन वाढलं की. दुसरं म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबमधला, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्यांमधला, कोन कमी केला की. ११० डिग्रीऐवजी १०६ केला तर दोन्ही लोब एकमेकांकडे सरकतात, ओव्हरलॅप वाढतो, आणि दोन्ही व्हॉल्व्ह टीडीसीला जास्त उघडे सापडतात. म्हणून नुसतं २७२ ड्युरेशन, ९.५ लिफ्ट एवढं ऐकून हो म्हणू नका, त्याच आकड्यांचे दोन कॅम पिस्टनच्या बाबतीत एकदम वेगळे निघू शकतात.

अजून एक, टीडीसी लिफ्टचा आकडा टॅपेट क्लिअरन्स वजा करून दिलाय की न करता हे पण विचारून घ्या. ०.२० एमएम छोटी वाटते पण पुढे बघाल, एवढ्यावरच हो किंवा नाही ठरतं.

कमीत कमी किती मोकळीक पाहिजे?

जगभर चाललेला जुना ठोकताळा असा की इनटेकला ८० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) म्हणजे २ एमएम, एक्झॉस्टला १०० थाऊ म्हणजे अडीच एमएम, स्टीलचे रॉड असतील तर. अ‍ॅल्युमिनियमचे रॉड असतील तर अजून पाऊण एमएम वाढवायचे कारण ते गरम होऊन आणि ताणाने जास्त लांबतात, पण तसे रॉड आपल्याकडे ड्रॅगच्या गाड्या सोडून कुणी घालत नाही. व्हॉल्व्हच्या कडेला, म्हणजे व्हॉल्व्हची कड आणि पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्हसाठी कापलेल्या खाचेची भिंत यांच्यात, सव्वा एमएम तरी पाहिजे. ही कडेची मोकळीक लोक हमखास विसरतात, विशेष करून मोठे व्हॉल्व्ह घातल्यावर.

छोट्या, हलक्या व्हॉल्व्हच्या मोटरसायकल रेस इंजिनात यापेक्षा कमीवर चालवतात, इनटेकला १ आणि एक्झॉस्टला दीड एमएमपर्यंत, पण तिथे दर काही तासांनी इंजिन उघडलं जातं, स्प्रिंग बदलल्या जातात. रोज ऑफिसला जायच्या गाडीत तो आकडा वापरू नका.

एक्झॉस्टला इनटेकपेक्षा जास्त का?

कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होत असतो आणि पिस्टन मागून त्याच्या पाठीला लागलेला असतो. इनटेकच्या बाबतीत उलट आहे, तिथे पिस्टन पुढे पळतोय आणि व्हॉल्व्ह त्याच्या मागे येतोय. आता आरपीएम जास्त झाले आणि स्प्रिंगला व्हॉल्व्ह वेळेत ओढून घेता आला नाही तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उशिरा बंद होणार आणि पिस्टन त्याला गाठणार. त्यात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून लांबतो. आणि या स्ट्रोकला वरून जळत्या गॅसचा दाब नसतो, त्यामुळे वर फेकल्या जाणाऱ्या पिस्टनला अडवायला काही नाही, रॉड ताणला जातो, बेअरिंगमधली फट सगळी एका बाजूला जाते. हे सगळं थोडं थोडं मिळून अर्धा एमएम खाऊन टाकतं.

कॅम विकत घ्यायच्या आधीच कळू शकतं का?

हो, बऱ्यापैकी. पण त्यासाठी आत्ता इंजिनात किती जागा आहे हे एकदा मोजावं लागतं. पिस्टन टीडीसीला आणा, व्हॉल्व्हची मूळ स्प्रिंग काढून तिथे पेनातल्यासारखी हलकी स्प्रिंग घाला, वर डायल (सरकलेलं अंतर दाखवणारं गेज) लावा, आणि व्हॉल्व्ह बोटाने दाबत पिस्टनला टेकेपर्यंत खाली न्या. जेवढा डायल फिरला तेवढी एकूण जागा. समजा इनटेकला ५.२ एमएम आली, एक्झॉस्टला ५.४.

आता पसंत केलेल्या कॅमची इनटेक टीडीसी लिफ्ट २.८ आहे. ५.२ वजा २.८ म्हणजे २.४, झालं की, दोनच्या वर आहे, असं म्हणून लोक इथेच थांबतात. थांबू नका. टीडीसीनंतर १० डिग्रीपर्यंत या इंजिनातला पिस्टन जेमतेम ०.७५ एमएम खाली जातो. तेवढ्यात अशा कॅमवर व्हॉल्व्ह अजून १.४ एमएम उघडलेला असतो, डिग्रीला साधारण ०.१४ च्या वेगाने. म्हणजे व्हॉल्व्हने पिस्टनला ०.६५ एमएमने गाठलं. २.४ मधून ते गेले, उरले १.७५. पाव एमएम कमी पडलं.

एक्झॉस्टचं बघू. टीडीसी लिफ्ट २.२ आहे, १० डिग्री आधी ती ३.४ असते. तेव्हा पिस्टन ०.७५ खाली आहे. ५.४ अधिक ०.७५ वजा ३.४ म्हणजे २.७५. इथे पाव एमएम जास्त आहे.

मग कॅम दोन क्रँक डिग्रीने मागे फिरवला, म्हणजे व्हॉल्व्ह तेवढे उशिरा उघडतील-मिटतील असा, तर इनटेकला साधारण पाव एमएम मिळतं आणि एक्झॉस्टचं तेवढंच जातं, दोन्हीकडे बरोबर २ आणि २.५ येतात. कागदावर बसलं. व्हॉल्व्हचा तिरकसपणा मी इथे सोडून दिलाय, शिवाय इतकं काठावर कुणी बांधू नये, पण कॅम मागवायचा की नाही एवढं यावरून नक्की ठरवता येतं. मोजायला अर्धा दिवस जातो, परत न घेतला जाणारा कॅम घरात पडून राहण्यापेक्षा ते बरं.

कॅमच्या बॉक्सवर लिहिलंय की काहीही बदल न करता डायरेक्ट बसतो. तरी मोजायचं?

तरी मोजायचं. त्याचं म्हणणं खोटं नसतं, पण ते नवीन इंजिनाबद्दल असतं. तुमचं इंजिन नवीन आहे का?

माझ्या स्वतःच्या एस्टीमचं सांगतो. सेकंडहँड घेतलेली, आवाज चांगला, कॉम्प्रेशन चांगलं. असाच डायरेक्ट बसणारा कॅम आणला, एका गॅरेजमध्ये बसवला, मोजणं मी सुचवलं होतं पण गरज नाही म्हणाले आणि मीही जोर धरला नाही. पहिले तीन दिवस गाडी झकास. चौथ्या दिवशी घाटात सेकंडला खेचली, लाल रेषेजवळ एक बारीक टिकटिक ऐकू आली आणि त्यानंतर गाडी तीन सिलिंडरवर. हेड काढलं तर तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला दोन चंद्रकोरी उमटलेल्या, नखाने चाचपल्या तर लागत होत्या, आणि दोन्ही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वाकलेले. बाकीच्या तीन पिस्टनवर काजळी त्याच जागी पुसली गेलेली, म्हणजे ते पण टेकायच्या बेतात होते.

मग शोध घेतला. तेच हेड दुसऱ्या एका हेडशेजारी सरफेस प्लेटवर ठेवलं तर आमचं ०.६ एमएमने बुटकं निघालं. आधीच्या मालकाच्या काळात कधीतरी इंजिन तापून हेड दोनदा फेसिंग झालेलं, म्हणजे खालून सपाट घासलेलं, असणार आणि वर पातळ पॅकिंग, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट, टाकलेलं. कॅमवाल्याने धरलेली जागा आमच्या इंजिनात नव्हतीच. तेव्हापासून कुणी विचारलं की मोजू का, तर माझं उत्तर एकच असतं.

क्ले लावून कसं मोजतात?

ही पद्धत घरी जमण्यासारखी आहे. स्टेशनरीच्या दुकानात लहान मुलांची रंगीत खेळायची क्ले मिळते ती घ्या. शाडू नको, ती सुकून तडकते.

हेड काढलेलं आहे, पिस्टनचा माथा थिनरने स्वच्छ पुसा, तेलाचा अंशही नको नाहीतर क्ले चिकटत नाही. क्लेची साधारण ५ ६ एमएम जाडीची पोळी करून चारही व्हॉल्व्हच्या खाचांत नीट दाबून बसवा, खाचेच्या कडेवरून थोडी बाहेर येऊ द्या म्हणजे कडेची मोकळीक पण कळेल. आता उलट, व्हॉल्व्हच्या तोंडाला तेलाचं बोट फिरवा म्हणजे क्ले उचलली जाणार नाही. पॅकिंग जुनं, एकदा दाबलं गेलेलं वापरा, आणि ते तुम्ही शेवटी टाकणार त्याच जाडीचं असलं पाहिजे. हेड बसवा, बोल्ट टॉर्क पान्याने पूर्ण टॉर्कला आवळा, टायमिंग बांधा, टॅपेट सेट करा. टॅपेट शून्यावर ठेवले तरी चालतील, उलट बरंच, जास्त वाईट परिस्थिती मोजली जाते.

स्पार्क प्लग काढून टाका आणि क्रँक हाताने, पान्याने, सावकाश पूर्ण दोन फेरे फिरवा. दोन, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक होतो. स्टार्टर अजिबात मारायचा नाही. मध्येच घट्ट अडल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका, थांबा, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलाय.

मग हेड उचला. क्लेवर व्हॉल्व्हच्या तोंडाचे ठसे दिसतील. नवीन ब्लेडने ठशाच्या मधोमध आरपार कापा, अर्धा भाग अलगद उचला आणि उभ्या कापावर बघा, एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ असं दिसेल कारण व्हॉल्व्ह तिरका असतो. सगळ्यात पातळ जागी व्हर्नियरची मागची सुई टोचून मोजा. जबड्यात धरून मोजू नका, क्ले दबते आणि खोटा आकडा येतो. ठशाच्या बाहेरची कड आणि खाचेची भिंत यांतली जाडी म्हणजे कडेची मोकळीक.

एकाच सिलिंडरवर समाधान मानू नका, निदान पहिला आणि चौथा तरी करा. जुन्या ब्लॉकचा माथा सगळीकडे सारखा असेलच असं नाही.

क्ले बरी की डायल?

वेळ असेल तर डायल. स्प्रिंगच्या जागी हलकी स्प्रिंग, क्रँकला डिग्री प्लेट, म्हणजे अंश कोरलेली चकती, आणि टीडीसीच्या आधी २० पासून नंतर २० डिग्रीपर्यंत दर दोन डिग्रीला थांबून व्हॉल्व्ह दाबून बघायचं किती जागा उरलीय. नेमकं कितव्या डिग्रीला सगळ्यात कमी आहे हे यात कळतं, क्लेमध्ये कळत नाही, आणि कॅम पुढेमागे केल्यावर परत हेड काढावं लागत नाही. पण कडेची मोकळीक डायल दाखवत नाही. मी दोन्ही करतो, आधी डायलने टायमिंग नक्की करतो आणि शेवटी एकदा क्ले.

हायड्रॉलिक टॅपेट असतील तर?

हे टॅपेट तेलाच्या दाबाने फट आपोआप भरतात, पण हाताने सावकाश फिरवताना ते दबतात आणि व्हॉल्व्ह खरा उघडतो त्यापेक्षा कमी उघडलेला दिसतो, म्हणजे मोकळीक जास्त असल्याचा भास होतो. मोजण्यापुरता एक तरी घट्ट टॅपेट बनवून घ्या.

मोकळीक कमी पडली तर काय काय करता येतं?

पहिलं, कॅमचं टायमिंग. कॅम मागे घेतला की इनटेकची मोकळीक वाढते, एक्झॉस्टची कमी होते, पुढे घेतला की उलट. आपल्या १.३ मध्ये एकच कॅम आहे, इनटेक आणि एक्झॉस्टचे लोब एकाच दांड्यावर, त्यामुळे एकाला दिलं की दुसऱ्याचं जातं. दोन कॅमच्या इंजिनात दोन्ही पुली स्वतंत्र फिरवता येतात, इनटेक मागे आणि एक्झॉस्ट पुढे, तिथे खेळायला जास्त वाव असतो. पण टायमिंग इंजिनाच्या पॉवरसाठी असतं, मोकळीक मिळवायला दोन तीन डिग्रीच्या वर फिरवायला लागत असेल तर कॅमच चुकीचा निवडलाय असं समजा.

दुसरं, पिस्टनच्या खाचा खोल करणं. हे चांगल्या मशिनिंगवाल्याचं काम आहे, व्हॉल्व्हच्याच कोनात कटर बसवून. आधी पिस्टनच्या माथ्याची जाडी खाचेखाली किती उरणार ते मोजून घ्या आणि पिस्टनवाल्याने दिलेल्या जाडीच्या खाली जाऊ नका, कंपनीच्या कास्ट पिस्टनमध्ये तर फारच जपून. कडा धारदार ठेवू नका, तिथे तापून नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून ठोके येणं, सुरू होतं. कॉम्प्रेशनवर फरक पडतो पण घाबरण्याएवढा नाही, एका सिलिंडरचे ३२४.५ सीसी आणि कॉम्प्रेशन ९ असेल तर चारही खाचांमध्ये मिळून १.२ सीसी वाढल्यावर ते ८.८ च्या आसपास येतं.

तिसरं, जाड पॅकिंग. होतं काम, पण पिस्टन आणि हेडच्या सपाट भागातली फट वाढते आणि तिथे चार्ज (हवा-पेट्रोलचं मिश्रण) नीट ढवळला जात नाही, नॉकिंगची शक्यता उलट वाढते. मला हा उपाय आवडत नाही. चौथं, व्हॉल्व्ह सीट थोडी खोल कापणं, यात वाऱ्याचा रस्ता बिघडतो, ज्यासाठी कॅम घालतोय तेच घालवायचं, म्हणून तेही शेवटचं.

आणि पाचवं म्हणजे एक पायरी खालचा कॅम घेणं. रस्त्यावरच्या गाडीला दहातल्या आठ वेळा मी हेच सांगतो.

हेड फेसिंग केल्याने नेमकं किती कमी होतं?

जेवढं काढलं जवळपास तेवढंच, व्हॉल्व्हच्या कोनामुळे जरा इकडेतिकडे. पण कॅम वर हेडमध्ये असलेल्या इंजिनात अजून एक गोष्ट होते ती फार कमी जणांच्या लक्षात येते. हेड खाली आलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो, बेल्टची ताणलेली बाजू आखूड पडते आणि कॅम थोडा मागे पडतो. कॅम मागे पडला की एक्झॉस्टची मोकळीक अजून कमी. म्हणजे एक्झॉस्टला दुहेरी मार बसतो, माझ्या गाडीत तेच झालं होतं. ब्लॉकचा माथा घासला तरी हेच. फेसिंग नंतर डिग्री प्लेट लावून टायमिंग परत बांधा, नुसत्या खुणा जुळवून भागत नाही.

टायमिंग एका दाताने चुकलं तर?

कॅम पुलीला ४० दात धरा, एक दात म्हणजे कॅमचे ९ डिग्री आणि क्रँकचे १८. वरच्या हिशोबात डिग्रीला ०.१४ एमएम जात होती, १८ डिग्रीत काय होईल ते करून बघा. कंपनीच्या कॅमवर एक दात चुकला तरी गाडी ओढत नाही एवढ्यावर निभावू शकतं, मोठ्या कॅमवर ती चूक व्हॉल्व्ह घेऊन जाते. टायमिंग बांधून झालं की दोन फेरे हाताने, मग स्टार्टर. प्रत्येक वेळी.

जुना कॅम घासून नवीन प्रोफाइल मारून मिळते, ती चालेल का?

चालते, आपल्याकडे बऱ्याच जणांनी यावर शर्यती केल्यात. घासताना लोबचा गोल भाग लहान करतात म्हणून लिफ्ट वाढते, आणि तो लहान झाला की रॉकरचा कोन बदलतो, टॅपेटचा स्क्रू जास्त बाहेर काढावा लागतो. लोबवरचा कडक थर किती उरला ते विचारा, तो गेला तर कॅम काही हजार किलोमीटरमध्ये चाटून जातो. आणि कागद मागा, निदान १ एमएमवरचं ड्युरेशन, लोबमधला कोन, टीडीसी लिफ्ट. कॅम हे नुसत्या नजरेने करायचं काम नाही, आपल्या सोलापुरात प्रिसिजन कॅमशाफ्ट्सच्या कारखान्यातून जगभरच्या गाड्यांना कॅम जातात, तिथे मायक्रॉनचा हिशोब असतो. घासून घेतलेल्या कॅमवर मी क्ले टेस्ट चारही सिलिंडरवर करतो, लोब लोबला फरक निघतो.

स्प्रिंग बदलायलाच पाहिजे का?

कॅमवाल्याने सांगितलं असेल तर त्यात काटकसर नको. इथे जास्त लिफ्टचा खरा संबंध येतो. पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकायच्या आधी १ ते दीड एमएम जागा उरली पाहिजे, आणि वरची वाटी व्हॉल्व्ह सीलला लागता कामा नये, तिथेही दीड एमएम. आणि पिस्टनसोबतची मोकळीक हाताने फिरवून मोजलेली असते, ७५०० आरपीएमला स्प्रिंग थकलेली असेल तर व्हॉल्व्ह कॅमला सोडून हवेत तरंगतो, तुमचा क्लेवरचा आकडा तिथे लागू होत नाही. चौथ्या गिअरमधून तिसऱ्याऐवजी चुकून पहिला पडला तर रेव्ह लिमिटर वाचवत नाही, तो फक्त पेट्रोल आणि स्पार्क तोडतो, चाकं इंजिनाला फिरवत राहतात.

मोटरसायकलला हेच नियम?

नियम तेच, आकडे कडक. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० चं पहिलं ३७३ सीसीचं इंजिन घ्या, बोअर ८९ आणि स्ट्रोक फक्त ६०. टीडीसीनंतर १० डिग्रीला पिस्टन जेमतेम ०.६ एमएम खाली गेलेला असतो, म्हणजे आखूड स्ट्रोकचा पिस्टन टीडीसीजवळ जास्त वेळ रेंगाळतो आणि व्हॉल्व्हला वाट कमी देतो. जुन्या लोखंडी बुलेटचा स्ट्रोक ९०, पिस्टन लवकर सटकतो, शिवाय तिच्यात इनटेक आणि एक्झॉस्टचे कॅम वेगवेगळे गिअरवर आहेत, पण तिथे समोरासमोर झुकलेले दोन मोठे व्हॉल्व्ह ओव्हरलॅपमध्ये एकमेकांना लागत नाहीत ना हे पण बघावं लागतं. त्यांच्यात दीड एमएम तरी ठेवा.

व्हीव्हीटी, म्हणजे चालू गाडीत कॅमचं टायमिंग बदलणारी यंत्रणा, असलेल्या इंजिनात?

इंजिन बंद असताना इनटेकचं व्हीव्हीटी सहसा पूर्ण मागे जाऊन लॉक होतं. त्या स्थितीत क्ले टेस्ट केली तर इनटेकची मोकळीक भरपूर दिसेल, आणि चालू गाडीत ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरने, कॅम पुढे ओढला की ती गायब. पूर्ण पुढे लॉक करून मोजा. एक्झॉस्टला पण व्हीव्हीटी असेल तर ते पूर्ण मागे करून.

रोजच्या गाडीला कोणता कॅम घेऊ?

२६० ते २७० ड्युरेशन, टीडीसी लिफ्ट दोनच्या आत. याच्या पुढे गेलात की आयडल डळमळतं, इंजिनाचा व्हॅक्यूम पडतो आणि ब्रेकचा बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो हे विसरू नका, पेडल दगडासारखं लागायला लागतं. ट्रॅफिकमध्ये दोन हजारच्या खाली गाडी ओढत नाही. पुण्यात किंवा ठाण्यात रोज चालवायची असेल तर २८८ चा कॅम घालून सुख मिळत नाही, कितीही वाटलं तरी.

हे कायद्यात बसतं का?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे रजिस्ट्रेशनमधल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. शिवाय मोठ्या ओव्हरलॅपचा कॅम आयडलला न जळलेलं पेट्रोल सोडतो, पीयूसीला अडतो. मोठा कॅम ट्रॅकच्या, शर्यतीच्या गाडीत घाला.

बसवल्यावर परत कधी बघायचं?

हजार किलोमीटरला टॅपेट परत सेट करा आणि बेल्ट किंवा चेनचा ताण बघा. चेन सैल झाली की कॅम मागे पडतो, एक्झॉस्टची मोकळीक तिथून कमी होते, म्हणून चेनच्या इंजिनात दर सर्व्हिसला खूण तपासतो. मोजलेले सगळे आकडे, पॅकिंगची जाडी, कॅम किती डिग्रीला बांधला, हेडची उंची, हे तारखेसकट एका कागदावर लिहून गाडीच्या डायरीत ठेवा, पुढे हेड कुणीही उघडो, त्याला मागचं कळतं. आणि हेड उघडलंच कधी तर पिस्टन धुवायच्या आधी टॉर्च मारून खाचांमधली काजळी बघा, एकसारखी काळी असेल तर बरोबर चाललंय, कुठे नखाएवढी जरी चकचकीत पुसलेली दिसली तर त्याच सिलिंडरवर आधी क्ले लावा.